आठ खुर्च्या आणि एक शेफ

जपानला निघालेल्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. सगळ्यांचा रोख क्योटोतल्या त्या छोट्या इटालियन हॉटेलांकडे आहे. लाकडी काउंटरला सहा-आठ-दहा खुर्च्या, मेनूकार्ड नाही, आणि शेफ समोर उभा राहून जे करील ते सगळ्यांनी एकाच वेळी जेवायचं. याला ‘ओमाकासे’ म्हणतात, म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’. एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या: ही बैठक इटलीची नाही. गिऱ्हाइकासमोर चिरायचं, समोर शिजवायचं, ही ‘काप्पो’ नावाची जपानी रीत. क्योटोच्या गिओन भागात १९२७ साली सुरू झालेलं हामासाकु हे त्यातलं मान्यवर नाव. पास्ता इटलीचा असला तरी घरचे नियम काप्पोचे. खालच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत.

प्रश्न: नोव्हेंबरच्या मध्यात आम्ही दोघं चार दिवस क्योटोला आहोत. मुलाने एक इटालियन काउंटर सुचवलंय, पण फोन वाजून बंद होतो आणि ई-मेलला उत्तर नाही. इंदुरात बसून बुकिंग करायचं तरी कसं?
— राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: फोन न उचलण्यात तुमचा अपमान नाही. अशा ठिकाणी एक शेफ, एक मदतनीस आणि फार तर वाइन बघणारा एक जण, एवढीच माणसं. हात पिठात असताना फोन कोण घेणार? फोनच करायचा तर तिथल्या दुपारी तीन ते पाचच्या मध्ये करा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे इथले साडेअकरा ते दीड. तरी परदेशी नंबरवरून आलेलं बुकिंग पुष्कळ जण घेत नाहीत. आठांपैकी दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर त्या रात्रीचा पाव धंदा बुडाला, आणि तुम्हाला इंदुरात शोधायला कोण येणार!

म्हणून कार्ड घेऊन बुकिंग देणाऱ्या साइट वापरा. टेबलचेक, ओमाकासे (याच नावाची साइट), पॉकेट कन्सिएर्ज आणि टेबलऑल इंग्रजीत चालतात. टेबलऑल परदेशी पाहुण्यांसाठीच आहे आणि जेवणाच्या किमतीवर आपलं शुल्क वेगळं घेते. तारखा कधी खुल्या होतात ते प्रत्येक दुकानाचं निराळं: कुणी दर १ तारखेला पुढच्या महिन्याच्या, कुणी साठ दिवस आधी, रोज एकेक. वेळ जपानची असते हे विसरू नका. तिथले दुपारचे १२ म्हणजे आपले सकाळचे साडेआठ, ऐन पोहे-जिलबीची वेळ. पोहे नंतर खा. आदल्या दिवशीच खातं उघडून, कार्ड नोंदवून, बँकेच्या ॲपमधून परदेशी व्यवहार चालू करून ठेवा. जागा दिसत असताना ओटीपी न येणं हाच सगळ्यांत जास्त बुकिंग बुडवणारा प्रकार आहे. नोव्हेंबरचा उत्तरार्ध म्हणजे क्योटोत मेपलची पानं लाल व्हायचे दिवस, तेव्हा दोन महिने आधी हात लावला नाही तर शनिवार-रविवार सोडूनच द्या.

दुसरा रस्ता मुक्कामाच्या हॉटेलच्या कन्सिएर्जचा, म्हणजे पाहुण्यांची अशी कामं करून देणाऱ्या माणसाचा. त्याला एकाच ई-मेलमध्ये तीन पर्यायी तारखा, माणसं किती, काय खात नाही आणि दरडोई किती येनपर्यंत, हे सगळं लिहा. एकेक माहिती चार ई-मेलांत पाठवली तर त्यालाही चार फोन करावे लागतात, आणि चौथा तो करत नाही.

कुठे ‘शोकाइसेइ’ असं वाचलंत तर मात्र पिच्छा सोडा. जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीशिवाय तिथे प्रवेश नाही. क्योटोत ‘इचिगेन-सान ओकोतोवारी’, म्हणजे पहिल्यांदा येणाऱ्याला नकार, ही जुनी चाल आहे. तिथे पैसे दाखवून काम होत नाही, उलट बिघडतं.

रद्द करण्याचे नियम बुकिंगआधी वाचा. दोन-तीन दिवस आधी निम्मी आणि त्याच दिवशी पूर्ण रक्कम, हा साधारण शिरस्ता. व्हिसा हातात नसेल तर असं बुकिंग करूच नका. आणि ताबेलोग या जपानी साइटवर दुकानाला ३.६ गुण दिसले म्हणून नाक मुरडू नका. तिथले लोक हात आखडून गुण देतात, ३.५ च्या वर म्हणजे चांगलंच.

प्रश्न: मी गोमांस सोडून सगळं खातो. सौ. अंडं खाते, मांस-मासे नाही. बरोबर आई आहेत, त्यांना कांदा-लसूणही चालत नाही. तिथे गेल्यावर शेफला सांगितलं तर तो सांभाळून घेईल ना?
— लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं. तुम्ही संध्याकाळी सहाला बसता तेव्हा जेवण ठरून आठ-दहा तास झालेले असतात. मासा सकाळी आठ माणसांपुरता घेतलेला, रस्सा दुपारपासून मंद आचेवर, पास्त्याचं पीठ मळून झाकून ठेवलेलं. फ्रीजमध्ये नववा पर्याय नसतो. बुकिंगच्या वेळी न सांगता आयत्या वेळी सांगणारं गिऱ्हाईक या लोकांना सर्वांत जड जातं. कुठे कुठे जेवण न देता पूर्ण पैसे घेण्याची अटही असते, आणि ती अट तुम्ही बुकिंग करताना मान्य केलेली असते.

आता तिघांचं वेगवेगळं पाहू.

तुमचं सोपं, पण नुसतं ‘बीफ नको’ लिहून भागत नाही. वाग्यू या जपानी गोमांसाच्या जागी बदक किंवा डुक्कर देणं शेफला अवघड नाही. गोमांस खरं लपतं ते दुसरीकडे: रागू म्हणजे खिम्याच्या सॉसमध्ये, ब्रेसाओला या वाळवलेल्या कापांत, भरलेला पास्ता ज्यात वाढतात त्या ब्रोदो नावाच्या पातळ रश्शात, ताटावर दोन थेंब सोडलेल्या आटीव रसात, आणि पन्नाकोत्ता हा सायीचा गोड पदार्थ घट्ट करणाऱ्या जिलेटिनमध्ये. म्हणून ‘गोमांस, त्याचा रस, चरबी आणि जिलेटिन नको’ असं पूर्ण लिहा. पन्नाकोत्ता कांतेन घालूनही होतो. कांतेन म्हणजे आपलं चायना ग्रासच की.

सौ.चं कठीण. इटालियन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोमॅटो, चीज आणि तुळशीसारखी पानं येतात, त्यात मांस कुठून येणार असं वाटतं. पण अँचोवी मासा तेलात असा विरघळतो की भाजीत दिसतही नाही. रिसोत्तो हा इटालियन भात बहुतेक कोंबडीच्या रश्शात शिजतो. ग्वांचाले ही डुकराच्या गालाची खारवलेली चरबी तर पास्त्याच्या तेलाचंच काम करते. त्यावर क्योटोची भर अशी की सलगम, एबीइमो हा आपल्या अरवीचा भाऊ, मुळा, सगळं आधी दाशीत मुरवतात. दाशी म्हणजे जपानी पातळ रस्सा, कोंबू या समुद्री शेवाळाचा आणि बहुधा कात्सुओबुशी या वाळवलेल्या माशाचा. जपानी माणसाच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हेच, जशी फोडणीतल्या हिंगाला आपण भाजी म्हणत नाही. त्यामुळे ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहिलंत तर तो अगदी प्रामाणिकपणे दाशीतली भाजी वाढेल. काय चालत नाही त्याची नावं लिहा.

चीजचाही विचार करून ठेवा. पार्मिजानो रेज्जानो वासराच्या रेनेटनेच, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेल्या विरजणानेच करायचं असा नियम आहे, आणि पेकोरिनो रोमानोला कोकराचं रेनेट लागतं. हे चालत नसेल तर तसंही लिहा. मग मात्र इटालियन शेफच्या हातात फार थोडं उरतं.

ई-मेल इंग्रजीत चालेल, पण पुढची वाक्यं भाषांतराच्या ॲपमधून जपानी लिपीत करून फोनमध्ये ठेवा. सौ.साठी: ‘निकु, साकाना, एबी, काइ वा ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देस. तामागो तो न्यूसेइहिन वा दाइजोबु देस.’ म्हणजे मांस, मासे, कोळंबी, शिंपले खात नाही. कात्सुओची दाशीही नको. अंडी आणि दुधाचे पदार्थ चालतात. तुमच्यासाठी: ‘ग्यूनिकु वा ताबेरारेमासेन’, गोमांस खात नाही.

एवढं लिहून ‘जमणार नाही’ असं उत्तर आलं तर आभार मानून दुसरं दुकान बघा. तो नकार प्रामाणिक असतो. ‘जमेल’ म्हणणाऱ्याकडून मात्र ते लिहून घ्या.

आईंसाठी काउंटरवर पैसे घालू नका, असंच आमचं मत. इटालियन स्वयंपाकाचा पायाच कांदा-लसणाच्या परतण्यावर, आणि तीन तास बसून त्यांच्या वाट्याला भाजलेला भोपळा येणार. त्यापेक्षा क्योटोच्या देवळांमधलं ‘शोजिन र्‍योरी’ त्यांना द्या. बौद्ध मठांचं हे जेवण मांस-मासे तर वर्ज्य करतंच, कांदा-लसूण-पात हा वर्गही वगळतं, आणि दाशी कोंबू व शिताके या अळंब्यांची. आपल्या चातुर्मासाच्या पानाला इतकं जवळचं जेवण जपानात दुसरं नाही. बहुतेक ठिकाणी ते दुपारी असतं, म्हणजे तुमची संध्याकाळ मोकळी. बुकिंग तिथेही लागतं.

प्रश्न: टोकियोत अशाच एका ठिकाणी जेवलो. पास्ता मधोमध कच्चा आणि प्रमाण तर तीन घास! तक्रार करायला हवी होती का?
— रामबाग, इंदूर

उत्तर: नको, बरं झालं केली नाहीत.

मधला कणखरपणा मुद्दाम ठेवतात. वाळवलेल्या स्पगेटीच्या ड्युरम गव्हात प्रथिनांची जाळी घट्ट असते आणि स्टार्च तिच्यात अडकलेला असतो. शेफ पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या एक-दोन मिनिटं आधीच पाण्यातून काढतो आणि उरलेलं शिजणं पातेल्यात, सॉसमध्ये पुरं करतो. त्या वेळी तो कपभर पास्त्याचं पाणी घालताना दिसेल. पाण्यातला स्टार्च आणि तेल हलवून एकजीव होतं आणि सॉस तारेला चिकटतो. पास्ता आधीच पूर्ण शिजलेला असेल तर या हलवण्यात बाहेरचा थर सुटतो आणि लापशी होते. आपली वरणफळं पाच मिनिटं मुरली की जास्त चांगली लागतात. पास्त्याचं नेमकं उलटं. तो काउंटरवर आल्यापासून प्रत्येक मिनिटाला बिघडतो, कारण आतला कोरडा गाभा सॉसमधलं पाणी ओढत राहतो. दोन मिनिटं फोटो काढलात तर सॉस आटतो, तारा एकमेकींना चिकटतात, आणि शेफ ते समोरून बघत असतो.

ताजा पास्ता वेगळा. इटलीतल्या पिएमोंते भागाचा तायारिन किलोभर पिठाला तीस-चाळीस पिवळे बलक घालून मळतात. तो मिनिट-दीड मिनिटात शिजतो आणि त्यात कच्चा गाभा असूच नये. तो कच्चा लागला असेल तर तुमची तक्रार खरी.

एक गंमत बघण्यासारखी असते. थंड कापेल्लिनी हा जपानातल्या इटालियन काउंटरांवरचा नेहमीचा पहिला पास्ता. एक मिलिमीटरपेक्षाही बारीक तार. ती शेफ नेहमीपेक्षा थोडी जास्त शिजवतो. कारण गार झाल्यावर स्टार्च पुन्हा आवळतो आणि बरोबर शिजलेली तार दोरीसारखी लागते. मग बर्फाच्या पाण्यात, आणि लगेच स्वच्छ फडक्यात गुंडाळून दाबून कोरडी. हे कोरडं करणं बारा-पंधरा सेकंदांचं काम, पण सगळा पदार्थ त्यावर. तारांमध्ये पाणी राहिलं तर तेल आणि टोमॅटोचा रस त्यांना धरत नाही, ताटलीत खाली फिकट पाणी जमतं. घरी शेवयांचा असा प्रयोग फसतो तो बहुधा याच जागी.

आणि तीन घास? साध्या हॉटेलात ताटलीला ८० ते १०० ग्रॅम वाळका पास्ता घेतात, इथे तीस-चाळीस. आठ ते बारा पदार्थांत पास्ता दोन-तीनदा येतो, म्हणून बेरीज तेवढीच होते. काही ठिकाणी शेवटच्या पास्त्याआधी शेफ ‘किती ग्रॅम?’ असं विचारतो. जपानी जेवण भाताने किंवा शेवयांनी संपवायची जी ‘शिमे’ची रीत आहे, तीच इथे पास्त्यावर आली. भूक असेल तर निःसंकोच ८० सांगा, पोट भरलं असेल तर ३०. त्याच्यापुढे ताटात टाकणं हे कमी मागण्यापेक्षा वाईट. शेवटी कुणाच्या ताटलीत हिरवट पूड भुरभुरलेली असते, जीभ किंचित बधिर करणारी. ते सान्शो. ओळखीचं वाटलं तर बरोबरच आहे: कोकणातल्या तिरफळाच्याच वंशातलं झाड आहे ते.

प्रश्न: कपडे कसे असावेत? साडी नेसून गेलं तर?
— स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर: साडी उत्तम. पदर मात्र खांद्यावर पिन करून घ्या. काउंटर अरुंद, शेजारचा माणूस एका हातावर, आणि समोर वाइनचे उंच ग्लास. गजरा नको, मोगऱ्याचा तर मुळीच नको. अत्तर, सेंट, वासाचं तेलसुद्धा नाही. बंद खोलीत दहा माणसं, त्यात कुणी पांढऱ्या ट्रफलचे पैसे मोजलेले. ती ऑक्टोबर ते डिसेंबरची बुरशी म्हणजे निव्वळ वास. तिच्यावर तुमचा मोगरा पसरला तर शेजारचा काही बोलणार नाही, पण शेफला ते कळेल. बांगड्या, जड अंगठ्या, पट्ट्याचं घड्याळ पर्समध्ये टाका. काउंटर बहुधा हिनोकी लाकडाचा असतो, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ, आणि तो रोज पुसून जपलेला. फोन लाकडावर ठेवू नका, पालथा तर नाहीच. बूट काढावे लागतात की नाही ते दुकानावर, तेव्हा मोजे धड असू द्या.

प्रश्न: आमची नात आठ वर्षांची आहे, शहाणी आहे. नेता येईल का?

उत्तर: बहुतेक ठिकाणी नाही, बाराच्या वरच्यांनाच, तेही पूर्ण पैसे देऊन पूर्ण जेवण जेवणार असतील तर. तीन तास एका जागी बसणं हा तिच्यावरही अन्याय. सगळा काउंटर तुमच्याच लोकांनी भरत असेल तर ‘काशिकिरी’ विचारा, म्हणजे पूर्ण दुकान एका गटाला. मग मूल चालतं का ते शेफ ठरवतो.

प्रश्न: संध्याकाळचे एकूण किती पैसे धरायचे? टिप, वाइन धरून सांगा. आणि पोचायला दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर चालेल ना?
— सुदामानगर, इंदूर

उत्तर: वेळेचं आधी. चालणार नाही. ‘इस्सेइ स्टार्ट’ म्हणजे सगळे एकदम सुरू. सहाची बैठक असेल तर सहाला पहिली ताटली येते, तुमच्यामुळे आठ जण थांबतात. पंधरा मिनिटांनंतर बुकिंग गेलं असं समजणारी दुकानं आहेत. वीस मिनिटं आधीही जाऊ नका, आत थांबायला जागा नसते. पाच मिनिटं आधी बरोबर. क्योटोचे पत्ते आपल्या ‘राजवाड्यामागे, दुसऱ्या बोळात’ धाटणीचे असतात: चौकाचं नाव, मग ‘आगारु’ म्हणजे तिथून उत्तरेला, ‘सागारु’ म्हणजे दक्षिणेला, ‘हिगाशी-इरु’ पूर्वेला, ‘निशी-इरु’ पश्चिमेला. दारावर पाटी बहुधा नसते, असला तर कापडी पडदा. शक्य तर दुपारीच एकदा बाहेरून बघून या. नोव्हेंबरात बसवर विसंबू नका.

आता पैसे. चांगल्या काउंटरवर रात्रीचं जेवण साधारण २०,००० ते ३५,००० येन दरडोई. किमतीपुढचा शब्द वाचा: ‘झेइकोमी’ म्हणजे १० टक्के कर धरून, ‘झेइबेत्सु’ म्हणजे कर वेगळा. सेवाशुल्क बहुधा आणखी १० टक्के. २५,००० येन कर धरून असेल तर सेवाशुल्कासह २७,५०० होतात. कर वेगळा असेल तर २५,००० वर २,५०० सेवाशुल्क, मग एकूण २७,५०० वर कर २,७५०, म्हणजे ३०,२५०. एका शब्दाचा फरक दोघांमागे ५,५०० येन. येन ५८ पैशांना धरला तर दोघांचे ३०,२५० प्रमाणे सुमारे ३५,१०० रुपये. त्यावर कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क दोन ते साडेतीन टक्के.

याशिवाय पाणी. बाटलीचं पाणी पैशांचं असतं, साधं हवं तर ‘ओमिझु’ मागा. काही जण पाव आणि बैठकीचं ‘कोपेर्तो’ लावतात. ट्रफल किसून हवी का असं विचारलं तर मान डोलावण्याआधी ग्रॅमचा भाव विचारा. यात कमीपणा नाही. गाठ किसण्याआधी आणि किसल्यावर काट्यावर ठेवतात ती याचसाठी.

वाइन पेअरिंगमध्ये, म्हणजे पदार्थांना साजेशा वाइनच्या जोडीत, पाच-सहा ग्लास, प्रत्येकात साठ ते नव्वद मिली. कमी पिणाऱ्यांनी ‘हाफ पेअरिंग’ मागावं. न पिणाऱ्यांनी ‘ओसाके वा नोमेमासेन’ हे बुकिंगमध्येच लिहावं, म्हणजे उजीचा गार चहा, होजिचा म्हणजे भाजलेला चहा, द्राक्षरस अशी जोडी तयार असते. आयत्या वेळी सांगितलं तर संत्र्याचा रस मिळतो, आणि तो कशाशीच जात नाही.

टिप शून्य. ताटलीखाली नोट ठेवलीत तर मदतनीस ती घेऊन गल्लीत तुमच्यामागे धावेल.

प्रश्न: लिंबाच्या लोणच्याची छोटी बाटली पर्समध्ये असली तर?

उत्तर: पर्समध्येच असू द्या. हॉटेलच्या खोलीवर परतल्यावर काढा.

प्रश्न: जेवण झाल्यावर शेफ दारापर्यंत येतो म्हणे. तेव्हा काय करायचं?
— रामबाग, इंदूर

उत्तर: बसल्या जागी ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणा, जेवण झाल्यावर म्हणायचं ते हेच. शेफ बाहेर येऊन वाकतो आणि तुम्ही वळणापर्यंत जाईपर्यंत तसाच उभा राहतो. त्यामुळे दारात उभं राहून टॅक्सी शोधू नका, घोळक्याने फोटो काढू नका. टॅक्सी आतूनच बोलवायला सांगा, किंवा सरळ चालायला लागा. वळणावर एकदा मागे वळून मान झुकवायची आणि कोपरा ओलांडायचा. रात्रीची दुसरी बैठक असेल तर आत पुढच्या आठ जणांसाठी पाणी उकळायला ठेवलेलं असतं.